खिंडीला खुणा नकोत

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, आर्थर्स पास राष्ट्रीय उद्यानातून हार्मन, व्हाइटहॉर्न आणि ब्राउनिंग या तीन खिंडी ओलांडत कँटरबरीतून पश्चिम किनाऱ्याकडे उतरणारा जो मार्ग आहे, त्याला वाट म्हणावयाचे ते केवळ सवयीने; कारण नदीकाठ सोडून डोंगराला लागल्यावर त्याच्या बऱ्याच लांबीत ना नारिंगी त्रिकोण दिसतो, ना खांब, ना मळलेली जमीन. क्वचित कुणी रचलेली दगडांची लगोरी आढळते, पण तीही योग्य जागी असेलच असे नाही. तेथील निसर्गसंवर्धन खात्याने अशा मार्गांची ‘रूट’ म्हणून निराळी वर्गवारी केली असून, खुणांचा भरवसा धरू नये, हे प्रवाशास आधीच बजावले आहे. कित्येकांस ही खात्याची बेपर्वाई वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, आणि तो तसाच टिकावा असे माझे ठाम मत आहे.

खूण ज्या दिवशी केली त्या दिवसापुरतीच खरी असते. नदी एका पुरात पात्र बदलते, घसारा सरकतो, व्हाइटहॉर्नखालचा जो बर्फ दुपारी पाऊल रुतवून घेतो तोच पहाटे काचेसारखा टणक असतो. आणि रंगवलेला बाण पुढे चला एवढेच सांगतो, धुके उतरले आहे, मागे फिरा, असे तो कधीच सांगत नाही.

सह्याद्रीत होकायंत्र हाताळलेल्या मराठी माणसाने तर तेथे विशेष सावध असावे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभरही तफावत नसते, म्हणून ती दुरुस्ती आपल्या अंगवळणी पडलेली नसते. तेथे मात्र सुई खऱ्या उत्तरेच्या वीस अंशांहून अधिक पूर्वेला वळते, आणि ते न जाणता नकाशावरून घेतलेल्या दिशेने एक किलोमीटर चाललेला माणूस इच्छित जागेच्या साडेतीनशे मीटरांहून अधिक उजवीकडे, बहुधा भलत्याच घळीच्या तोंडाशी, जाऊन उभा राहतो. उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई दक्षिण टोकाकडे झुकून डबीच्या तळाला घासते. भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. आणि नकाशाच्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरांनी काढलेल्या असल्यामुळे दोन रेषांच्या पोटात पंधरा मीटरांचा कडा निमूट दडून राहतो.

ब्राउनिंग खिंडीचे माओरी नाव नोटी रौरेका. रौरेका नावाची स्त्री पश्चिम किनाऱ्यावरून ही खिंड चढून पूर्वेस आली, आणि तिच्याजवळच्या पोउनामू या हिरव्या पाषाणावरून न्गाई टाहू या माओरी लोकांस त्या दगडाचा व त्याच्या वाटेचा पत्ता लागला, असे परंपरा सांगते. नाणेघाटाच्या पायऱ्या चढलेल्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. आपल्याकडे मात्र घाटवाटांच्या कातळांवर हौशी हातांनी चुन्याचे आणि तैलरंगाचे बाण ओढले जातात. एकाच नाळेच्या मुखाशी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी एक सरळ कड्याकडे नेत होता.

रंगावर होणारा खर्च आपल्या गिर्यारोहण मंडळांनी नकाशावाचन शिकविण्यावर करावा. त्या तीन खिंडींच्या मार्गावर, व्हाइट आणि वायमाकारिरी नद्यांच्या संगमाजवळ, कॅरिंग्टन हट हा निवारा आहे. तेथील नोंदवहीत पुढच्या मुक्कामाचे नाव लिहून पहाटे निघालेल्या एखाद्याने संध्याकाळी परत येऊन त्याच ओळीखाली ‘पाणी वाढले, परतलो’ असे लिहिले, तर त्याची मोहीम मी पुरी झाली असे मानीन.