घरांतील यंत्रें : एस्प्रेसोच्या यंत्रास क्षाराची बाधा

चहाच्या आधणाशेजारीं ओट्यावर एस्प्रेसोचें यंत्र मांडलेलें आतां कित्येक सुशिक्षित घरांतून दृष्टीस पडतें. परदेशीं शिकून आलेल्या मुलानें तें आणलेलें असतें, किंवा सूनबाईंना कॉफीची आवड म्हणून हौसेनें घेतलेलें असतें; आणि प्रथम नाक मुरडणारी वडील मंडळीहि महिन्याभरांत दुपारच्या पेल्याची वाट पाहूं लागते. वर्ष-दीड वर्ष हें सुख निर्वेध चालतें. मग कॉफीची चव बिघडते, धार बारीक होते, वाफेचा जोर ओसरतो, आणि घरांत वाद सुरू होतो. कोणी कॉफीच्या बियांस दोष देतो, कोणी करणाऱ्याच्या हातास, तर कोणी यंत्र विकणाऱ्या दुकानदारास. बहुतेक वेळां यांपैकीं कोणाचाच अपराध नसतो. अपराध असतो तो आपण टाकींत ओततों त्या पाण्याचा. आणि तो निवारण्यासाठीं घाईनें केलेल्या उपायानेंच चांगलें यंत्र कायमचें बिघडल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत. म्हणून या वेळीं याच विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एस्प्रेसो ही वस्तु मूळची इटलीची. तुरीन येथील आंजेलो मोरिओंदो यानें १८८४ मध्यें वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें, व पुढें १९०१ मध्यें मिलानच्या लुईजी बेझेरा यानें एकेक पेला वेगळा काढण्याची युक्ति त्यांत आणली. त्या यंत्रांत दाब वाफेचाच असल्यानें तो अल्प असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्याच आकिल्ले गाज्जा यानें तरफ व स्प्रिंग यांच्या साह्यानें हा दाब कितीतरी पटींनीं वाढविला, आणि पेल्यावर ती तांबूस साय धरूं लागली. आजच्या घरगुती यंत्रांत तरफेचें काम बहुधा विजेवर चालणारा लहानसा पंप करतो. आपल्या प्रेशर कुकरांत शिटी होतांना आंतील दाब बाहेरच्याहून सुमारें एक बार अधिक असतो. एस्प्रेसोच्या यंत्रांत तो नऊ बार असतो. सुमारें १८ ग्रॅम पुडीतून ९० ते ९६ अंश उष्णतेचें पाणी या दाबानें दवडून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास अर्क काढावयाचा, एवढाच काय तो व्यवहार. परंतु तो साधण्यासाठीं पाण्यास ज्या वाटांनीं जावें लागतें त्या अतिशय अरुंद असतात; कित्येक यंत्रांत एखादें छिद्र एक मिलिमीटरहूनहि बारीक असतें. जेथें पाण्याची वाट एवढी निमुळती, तेथें वाळूच्या कणाएवढ्या अडथळ्यासहि महत्त्व येतें.

हा अडथळा उत्पन्न कसा होतो हें ज्यांनीं जुन्या घरांतील तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. बंबाच्या आंत पांढुरक्या, खरखरीत क्षाराचीं पुटें चढत, आणि तीं जाड झालीं कीं पाणी तापावयास वेळ लागे व जळण अधिक लागे. जमिनींत मुरलेलें पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम घेऊन येतें. तें विरघळलेल्या स्थितींत असतें म्हणून डोळ्यांस दिसत नाहीं. पाणी तापलें कीं त्यांतील कर्बाम्ल वायु उडून जातो, आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचीच जात, तापलेल्या पृष्ठभागावर चिकटून बसतें. बंब निदान उघडून पाहतां येई. एस्प्रेसोच्या यंत्राचें पोट बंद असतें; त्यांतील तापविणाऱ्या कांबीवर पुट चढूं लागलें तरी कोणास कळत नाहीं. ती कांब आपली उष्णता पाण्यास देऊं शकत नाहीं, स्वतः मात्र प्रमाणाबाहेर तापते, आणि एके दिवशीं जळून जाते.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ‘आम्ही पितों तें पाणी स्वच्छ आहे, मग यंत्रास काय होणार?’ असें पुष्कळजण विचारतात. पिण्यास योग्य असणें निराळें आणि यंत्रास मानवणें निराळें. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकांत एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागें २०० मिलिग्रॅम ठेविली आहे, आणि दुसरें पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत सवलत दिली आहे. आतां हिशेब करून पाहावा. आठ-दहा माणसांच्या घरांत धुण्याविसळण्यासुद्धां यंत्रांतून रोज दोन लिटर पाणी सहज जातें. २०० मिलिग्रॅमचें पाणी धरलें तरी वर्षाकांठीं त्यांतून सुमारें १४६ ग्रॅम द्रव्य यंत्राच्या पोटांतून प्रवास करतें. तें सर्वच आंत राहतें असें नव्हे. पण त्याचा लहानसा हिस्सा राहिला तरी एक मिलिमीटरच्या छिद्राचें काय होईल हें वाचकांनींच ताडावें.

मुंबई-पुण्यास धरणांत सांठलेलें पावसाचें पाणी नळास येतें. तें सामान्यतः मऊ असतें. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत मात्र टँकरचें अथवा कूपनलिकेचें पाणी मिसळलेलें असतें, व तें बरेंचसें कठीण निघतें. ज्या पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, तें यंत्रास घालूंच नये. तेवढी परीक्षा आपल्या आजीलाहि ठाऊक होती. अधिक निश्चित माप हवें असल्यास कठीणपणा दाखविणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. टोकाचे लोक उलट दिशेस जाऊन आरओचें निव्वळ पाणी घालतात. त्यानें क्षार जमत नाहीं हें खरें, परंतु चव फिकी उतरते, आणि ज्या यंत्रांत पाण्यांतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून बॉयलर भरल्याचें ओळखतात, तेथें अति शुद्ध पाण्यामुळें ती ओळखच चुकते व बॉयलर भरभरून वाहतो. आमच्या मतें मध्यम मार्ग बरा : नळाचें पाणी २०० च्या घरांतलें असेल तर त्याच्या एका भागास आरओचे तीन भाग मिसळावे, म्हणजे कठीणपणा ५० च्या आसपास येतो. कूपनलिकेचें पाणी जिभेस खारट लागत असेल तर तें थोडेंहि मिसळूं नये; त्यांतील क्लोराइड पोलादी बॉयलरासहि खातें. ज्यानें पाण्याची एवढी व्यवस्था केली त्यास पुढील औषधोपचाराची गरज वर्षांतून एखाद्या वेळींच पडेल.

औषधाकडे वळण्यापूर्वीं रोग कोणता तें ओळखलें पाहिजे, कारण या यंत्रांत मळ एक नसून दोन असतात. एक पाण्याचा क्षार. तो आंत, दृष्टीआड राहतो. दुसरा कॉफीच्या तेलाचा चिकटा. तो पोर्टाफिल्टर म्हणजे मुठीचें भांडें, त्यावरील जाळी व झडपा यांवर बसतो व शिळा होऊन कडवटपणा आणतो. तेलकट डब्यास कोणी चिंच लावीत नाहीं आणि काळवंडलेल्या तांब्याच्या गडव्यास सोडा लावीत नाहीं. क्षार आम्लानें जातो, तेलाचा चिकटा सोड्यासारख्या अल्क द्रव्यानें जातो. एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं. तेव्हां कॉफी नुसती कडू व खवट लागत असेल आणि धार ठीक असेल, तर क्षार काढण्याच्या भानगडींत पडूं नये. उलट मूठ न लावतां सोडलेलें पाणीच मंद येत असेल, कोमट येऊन कॉफी आंबट उतरत असेल, वाफ दमल्यासारखी निघत असेल, तर क्षाराचा संशय घ्यावा. यासाठीं यंत्र नवें असतांनाच मूठ न लावतां दहा सेकंदांत किती पाणी पडतें तें मोजून कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवावें. पुढें वाद झाल्यास हा आंकडाच न्यायनिवाडा करतो.

चिकट्याचा उपाय सोपा आहे, पण तो सर्व यंत्रांस चालत नाहीं. पेला झाल्यावर बटण बंद करतांच ‘फुस्स’ असा आवाज होऊन खालच्या तबकांत पाणी पडत असेल, तर यंत्रास दाब सोडणारी त्रिमुखी झडप आहे असें समजावें. अशा यंत्रास छिद्र नसलेली वाटी मुठींत बसवून, तींत एस्प्रेसोच्या यंत्रांसाठीं मिळणारी साफ करण्याची पूड चिमूटभर घालून, दहा सेकंद चालू व दहा सेकंद बंद असें पांच-सहा वेळां करावें, आणि मग नुसत्या पाण्यानें तितक्याच वेळां. आठ-पंधरा दिवसांतून एकदां एवढें पुरे. ज्या यंत्रांत ही झडप नाहीं तेथें असें करणें धोक्याचें आहे. दाब कोंडून राहतो, व मूठ काढणाऱ्याच्या हातावर उकळतें पाणी उसळतें. तेथें जाळीचा स्क्रू काढून ती धुवावी, एवढेंच.

आतां क्षार काढणें. प्रथम यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचावी. कांहीं कारखानदार, विशेषतः दोन बॉयलरांच्या मोठ्या यंत्रांचे, हें काम घरीं करूंच नका असें सांगतात, व त्यांचें ऐकावें. परवानगी असेल तर टाकींतील गाळणी अथवा पाणी मऊ करणारी पिशवी आधीं बाहेर काढावी. मग एक लिटर पाण्यांत सुमारें २० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ज्यास वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणतात तें, पूर्ण विरघळवून टाकींत ओतावें. अधिक घातल्यानें काम लवकर होईल ही समजूत चुकीची आहे. द्रव फार कडक व फार तापलेला असेल तर कॅल्शियमचें सायट्रेट होऊन तेंच आंत बसतें, म्हणजे एक क्षार काढून दुसरा घातल्यासारखें होतें. यंत्र किंचित् तापवून बंद करावें, पेलाभर द्रव मुठीच्या वाटेनें व थोडा वाफेच्या नळीनें बाहेर काढावा, पंधरा-वीस मिनिटें थांबावें, आणि टाकी संपेपर्यंत असेंच करीत राहावें. रात्रभर तसेंच भिजत ठेवण्याचा मोह आवरावा. कित्येक जुन्या यंत्रांचे बॉयलर ॲल्युमिनियमचे आहेत, आणि आम्ल क्षार संपल्यावर धातूकडे वळतें. बाहेर येणाऱ्या पाण्यास निळसर-हिरवी झांक दिसली तर तांबें विरघळूं लागलें असें समजून तत्काळ थांबावें व पुष्कळ पाणी सोडावें. शेवटीं निदान दोन टाक्या स्वच्छ पाणी सर्व वाटांनीं काढून, अखेरचें पाणी गार करून जिभेवर घ्यावें. आंबटाचा लेशहि लागतां कामा नये. व्हिनेगरचा सल्ला पुष्कळ ऐकूं येतो. तो आम्हांस पसंत नाहीं : वास रबरांत मुरतो व आठ दिवस कॉफींतून डोकावतो.

एकत्र कुटुंबांत या कामाची एक निराळीच जोखीम आहे. सकाळीं धाकट्यानें टाकींत आम्ल ओतून तो पंधरा मिनिटांसाठीं बाहेर जातो, आणि तेवढ्यांत थोरल्या जाऊबाई मामंजींसाठीं कॉफी करावयास येतात. टाकींतील पाणी दिसावयास तर निर्मळच. म्हणून औषध आंत असेतों मूठ काढून कपाटांत ठेवावी आणि टाकीवर कागद चिकटवावा. तोंडीं सांगितलेलें दहा माणसांच्या घरांत कोणापर्यंत पोचतें व कोणापर्यंत नाहीं याचा भरंवसा नसतो. शिवाय ज्या यंत्राची निगा सर्वांनीं राखावयाची ती कोणीच राखीत नाहीं. कॉफी कोणीहि करावी, परंतु पाणी, पूड व आम्ल हीं तीन खातीं एकाच व्यक्तीकडे असावीं. आणि ती व्यक्ति घरांतील सूनच असली पाहिजे असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. निवृत्त झालेल्या व हिशेबाची वही नेटकी ठेवणाऱ्या एखाद्या काकांकडे हें काम दिल्यास तें उत्तम चालतें असा आमचा अनुभव आहे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. दूध फेसाळल्यावर वाफेची नळी त्याच क्षणीं ओल्या फडक्यानें पुसून वाफेचा एक फवारा सोडावा; बॉयलर निवतांना आंत पोकळी होऊन दूध वर ओढलें जातें व तेथेंच नासतें. मुठीच्या कडेनें पाणी गळूं लागलें तर बलानें आवळूं नये. कुकरच्या रबराप्रमाणें येथील रबरहि उष्णतेनें कडक होतें, व वर्षा-दोन वर्षांनीं बदलावें लागतें. जायफळ ज्यांस हवें त्यांनीं पेल्यांत किसून घालावें, पुडींत मिसळूं नये.

मे महिन्यांत सर्व मंडळी गांवीं जाणार असेल तर टाकी रिकामी करून, पुसून, झांकण उघडें ठेवून जावें, व भिंतीवरील बटण बंद करावें. परत आल्यावर टाकी भरून, पंपाची कोरडी घरघर थांबून पाणी पडूं लागेपर्यंत यंत्र तापूं देऊं नये, आणि पहिल्या दोन-तीन पेल्यांचें पाणी बाहेर टाकून द्यावें.