शाळेच्या फाटकाबाहेरच्या सिस्टर

अचलपूर-परतवाड्यात 'सिस्टर' म्हटलं की दोनच जणी डोळ्यांपुढं येतात. एक सरकारी दवाखान्यात इंजेक्शन देणारी नर्स, अन् दुसरी कॉन्व्हेंटच्या ऑफिसात बसलेली, गळ्यात क्रूस घातलेली बाई. या दुसरीची आठवण लेकराच्या प्रवेशाच्या दिवसांत फार येते. ओळख कोणाची आहे, चिठ्ठी कोण देईल, याची चौकशी सुरू होते. एकदा लेकरू शाळेत लागलं की विषय संपला. ही बाई कुठून आली, पगार घेते की नाही, शाळा सुटल्यावर कुठं जाते, हे विचारायची आपल्याला सवड नसते.

वाचकहो, ग्रामीण पानावर हा विषय काहून, असं तुम्ही म्हणाल. कारण असं, की या बायकांचं शाळेच्या फाटकाबाहेरचं काम सावकारी, मोलकरणींची मजुरी, नवऱ्याची मारझोड, आदिवासी पोरींचं शहरात कामाला जाणं, अशा प्रश्नांना येऊन भिडलेलं आहे. हे सगळे प्रश्न आपल्याच तालुक्याचे आहेत.

वऱ्हाडात कॅथलिक मिशन आलं ते नागपूरकडून. आजच्या फ्रान्समधल्या सावॉय भागातले पाद्री एकोणिसाव्या शतकात नागपुरात आले आणि तिथून त्यांचं काम सातपुड्यापर्यंत पसरलं. चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरचं नावच त्याची खूण सांगतं. पुढं १९५५ साली अमरावतीचा वेगळा धर्मप्रांत झाला. शाळा, दवाखाना, वसतिगृह ही कामं सिस्टरांनी सांभाळली. संन्यासिनी म्हणजे काय, हे आपल्या मुलखाला नव्यानं शिकवायची गरज नाही. रिद्धपूर इथून जवळच आहे. चक्रधरस्वामींनी बाईला संन्यासाची वाट मोकळी केली आणि महदंबेसारखी बाई त्या पंथात मोठी झाली, हे आपण सातशे वर्षं ऐकत आलो.

सिस्टर व्हायचं म्हणजे आधी कमीत कमी बारा महिने उमेदवारी. मग काही वर्षांपुरती व्रतं, आणि त्यानंतर जन्माची. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी ही तीन व्रतं. आज्ञापालन म्हणजे वरून चिठ्ठी आली की पेटी बांधायची, मग केरळची पोरगी कोरकूंच्या पाड्यावर का पोचेना. दारिद्र्य म्हणजे कमाई स्वतःची नाही. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा सरकारी पगार तिच्या संघाच्या खात्यात जातो. जो पैसा आमचा नाहीच, त्यावर आयकर कसा, असा वाद दक्षिणेतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४४ सालच्या एका जुन्या परिपत्रकाचा आधार घेतला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं ती अपिलं फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो, ती तो पुढं कुणाला देते हा तिचा प्रश्न, कर कापलाच जाईल. निकाल बरोबरच वाटतो. पण त्या निमित्तानं एक गोष्ट लोकांपुढं आली. महिनाभर राबून हाती स्वतःचा रुपया न ठेवणाऱ्या हजारो बायका आपल्या शाळा चालवतात.

अन् नियम तरी कसे असावेत! १९३६ पर्यंत व्रतस्थ सिस्टरनं बाळंतपणाचं वैद्यकीय काम करायचं नाही, असा रोमचा दंडक होता. रावळपिंडीत काम केलेल्या अ‍ॅना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरबाईंनी पाहिलं होतं, की पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढं जात नाहीत आणि मरून जातात. त्यांनी १९२५ साली वेगळा संघ काढला, पाठपुरावा केला, तेव्हा कुठं तो नियम सुटला. मेळघाटातली बाळंतपणं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना याचं मोल सांगायला नको.

औषध दिलं, अक्षर शिकवलं, तोवर सिस्टर सगळ्यांना चालते. हक्काची भाषा निघाली की बिघडतं. धारणीवरून पलीकडं मध्य प्रदेशात गेलं की पुढं इंदूर-देवासचा मुलूख लागतो. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला १९९२ साली सिस्टर राणी मारिया आली. मूळची केरळची, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची. तिनं काही देऊळ-चर्च बांधलं नाही. आदिवासी शेतमजुरांचे बचतगट केले, बँकेचं कर्ज कसं मागायचं, सरकारी योजनेचा अर्ज कुठं द्यायचा, हे दाखवलं. वाचकहो, यात सावकाराचं काय जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला ती इंदूरला जायला बसमध्ये बसली. वाटेत भर प्रवाशांसमोर समुंदरसिंग नावाच्या माणसानं तिला चाकूनं भोसकून मारलं. वय एक्केचाळीस. मारेकऱ्याला जन्मठेप झाली, पण त्याच्या मागं सावकार-जमीनदार मंडळी होती हे तिकडं सगळ्यांच्या तोंडी आहे. तिची धाकटी बहीणही सिस्टर. २००२ साली तिनं तुरुंगात जाऊन त्याच समुंदरसिंगला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदूरला मोठा सोहळा होऊन राणी मारियाला 'धन्य' पद मिळालं.

राखीची गोष्ट छापायला सगळ्यांना आवडते. मला त्यातली बँकेच्या अर्जाची गोष्ट मोठी वाटते. आपल्याकडं अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते २००६ साली, आणि सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला तो २०१४ साली. ही बाई १९९२ पासून तेच काम वहीपेन्सिल घेऊन करत होती.

दुसरं नाव जीन डेव्होस. बेल्जियमची सिस्टर, १९६३ साली भारतात आली. घरकाम करणाऱ्या बायका-पोरी कामगार आहेत, त्यांना नोकर म्हणू नका, एवढं एकच वाक्य तिनं धरून ठेवलं. १९८५ मध्ये तामिळनाडूत सुरुवात झाली आणि मुंबईतून राष्ट्रीय घरकामगार चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यामागं अनेक संघटनांचा रेटा होता, त्यात हीही होती. तिसरं नाव पुण्याकडचं. होली क्रॉसच्या सिस्टर लूसी कुरियन १९९१ साली एका महिला संस्थेत काम करत असताना गरोदर बाई आसरा मागायला आली. उद्या ये, बघू, असं सांगितलं गेलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. सहा वर्षांनी, १९९७ मध्ये, वढू बुद्रुकला लूसी यांनी घर काढलं आणि त्याला नाव दिलं 'माहेर'. नाव असं, की कोण्या जातीधर्माच्या बाईला अर्थ सांगावा लागत नाही.

आता अलीकडची गोष्ट. २५ जुलै २०२५ ला छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरांना अटक झाली. सोबत नारायणपूर भागातल्या तीन तरुणी होत्या. आरोप मानवी तस्करी आणि धर्मांतराचा. पोरी कामासाठी आमच्या संमतीनं निघाल्या होत्या, असं घरच्यांनी सांगितलं. २ ऑगस्टला जामीन मिळाला. म्हणजे बघा, घरकामाच्या नावानं आदिवासी पोरी फसवून नेल्या जातात हे ज्यांच्यातल्या बायकांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं, त्यांच्याच माथी तोच आरोप. तस्करी खोटी नाही. मेळघाटातून कोण कुठं जातं, याची नोंद असलीच पाहिजे, आणि मिशनवाल्यांनीही कागद चोख ठेवले पाहिजेत. पण फलाटावर चौकशी जमावानं करायची की पोलिसानं, हे एकदा ठरवा बाप्पा. उद्या बडनेऱ्याला वसतिगृहाची सिस्टर चार पोरी घेऊन उभी असेल तर तिनं काय दाखवायचं?

न्यायाची मागणी घरातही आहे. केरळात २०१८ साली एका सिस्टरनं जालंधरच्या तेव्हाच्या बिशपवर बलात्काराची तक्रार केली. पाच सिस्टर तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, कोचीला रस्त्यावर बसल्या. २०२२ च्या जानेवारीत कोर्टानं बिशपांना निर्दोष सोडलं. निकाल काय लागला तो लागला. जिच्या नावावर घर नाही, बँकेत पैसा नाही, माहेरी परतायची सोय नाही, त्या बाईनं आपल्याच वरिष्ठाविरुद्ध तक्रार द्यायची म्हणजे काय पणाला लागतं, ते यातून दिसलं. चर्चमध्ये मिस्सा फक्त पुरुष करतो, निर्णयाच्या बहुतेक खुर्च्याही त्याच्याच.

राहता राहिला आपला तालुका. घरेलू कामगार मंडळात नाव नोंदवायला अठरा ते साठ वय लागतं, आणि जिच्या घरी काम करते त्या मालकिणीचा दाखला लागतो. अडतं ते इथंच. दाखला दिला तर बाई पगार वाढवून मागेल, सुट्टी मागेल, अशी मालकिणीला धास्ती. परतवाड्याच्या कॉलन्यांत सकाळी पाच-पाच घरची भांडी घासणाऱ्या बायका आहेत, त्यातल्या काहींचे नवरे गवंडीकामाला, काहींचे दारूत. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. तो कायदा येईल तेव्हा येईल. मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, अन् दाखल्याच्या कागदावर सही करायला मालकिणीला दोन मिनिटं लागतात.