हारिती : लेकरे पळविणारी यक्षिणी लेकरांची राखणदार कशी झाली?



अंगुलिमालाची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर तथागतांपुढे शस्त्र टाकतो आणि भिक्खू होतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे. परंतु अंगुलिमालाइतकीच भयंकर म्हणून गाजलेली एक बाईही बौद्ध कथांमध्ये आहे. तिचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. ती म्हणजे हारिती. या सदरात आज तिची ओळख करून घेऊ.

हारिती ही यक्षिणी. झाडे, तळी, डोंगर आणि गावाच्या वेशी सांभाळणारे म्हणून जुन्या काळचा सामान्य माणूस ज्यांना मानीत असे, ते यक्ष आणि यक्षिणी. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर त्यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. पुढे काळ बदलला आणि यक्षिणीची 'जखीण' झाली. आज आपण 'जखीण' म्हणतो ते कोणाला घाबरविण्यासाठी किंवा एखाद्या बाईला शिवी देण्यासाठी. पण या शब्दाचे मूळ यक्षिणी हेच आहे.

मूलसर्वास्तिवाद नावाच्या जुन्या बौद्ध संप्रदायाच्या विनयग्रंथात हारितीची कथा आली आहे. राजगृह नगरातील लेकरे एकामागून एक नाहीशी होऊ लागली. हारिती ती पळवून नेते व खाते, असे लोकांना कळले. हरण करणारी म्हणून तिला हारिती म्हणू लागले. तिला स्वतःची ५०० मुले होती. सर्वांत धाकटा प्रियंकर हा तिचा जीव की प्राण. लोक तथागतांकडे रडत गेले. तथागत तिच्या घरी भिक्षेला गेले आणि त्यांनी प्रियंकराला आपल्या भिक्षापात्राखाली लपविले.

हारिती घरी आली तो धाकटा दिसेना. तिने गल्ल्या पाहिल्या, बागा पाहिल्या, ऊर बडवीत सारे नगर पालथे घातले. शेवटी ती तथागतांपुढे येऊन पडली. तथागतांनी तिला विचारले, तुला मुले किती? ती म्हणाली, ५००. मग ५०० मधले एक दिसत नाही तर तुझी ही दशा झाली. ज्यांना एकच लेकरू होते आणि तेही तू नेलेस, त्यांचे काय झाले असेल? हारितीला उत्तर देता येईना. तिने पुन्हा कोणाच्या लेकराला हात न लावण्याचे वचन दिले आणि पंचशील घेतले. तेव्हा तिला तिचा प्रियंकर परत मिळाला.

पण मग तिने एक व्यवहाराचा प्रश्न विचारला. आता माझी मुले खातील काय? तथागतांनी तो प्रश्न झटकून टाकला नाही. भिक्खूसंघ रोज जेवणाच्या वेळी तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलांसाठी अन्न काढून ठेवील, असे त्यांनी सांगितले. त्याबदल्यात तिने विहारांचे आणि लेकरांचे रक्षण करावे असे ठरले.

आता कोणी विचारील, ही बाई अशी झालीच कशी? त्याच ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. मागच्या जन्मी ती एका गवळ्याची बायको होती. गर्भार असताना ती ताक विकायला राजगृहाला निघाली. वाटेत ५०० लोक उत्सवाला चालले होते. त्यांनी तिला आग्रहाने नाचात ओढले. नाचता नाचता तिचा गर्भ पडला. ते लोक तिला तशीच टाकून पुढे निघून गेले. थांबून पाणी पाजणारा एकही निघाला नाही. त्या दुःखात तिने मनाशी ठरविले, की मी याच नगरात जन्म घेईन आणि यांची लेकरे खाईन. पुनर्जन्माचा भाग आपण कथेचा म्हणून बाजूला ठेवू. पण एक गोष्ट त्यात खरी आहे. ज्या बाईला सारे नगर राक्षसीण म्हणत होते, ती त्याच नगराने दुखावलेली, लेकरू गमावलेली एक आई होती.

इतर कथांमधील राक्षसिणींचा शेवट काय होतो ते आठवून पाहा. पूतना मारली जाते. ताटका मारली जाते. शूर्पणखेचे नाक कापले जाते. त्या अशा का झाल्या, त्यांच्या लेकरांचे काय, हे विचारण्याची गरज सहसा कोणाला पडत नाही. बौद्ध कथेत मात्र हारितीला आधी आरसा दाखविला, मग भाकरी दिली आणि मग जबाबदारी दिली. हा फरक लहान नाही.

ही नुसती पोथीतली गोष्ट राहिली नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या बाजूला हारितीसाठी स्वतंत्र दालन कोरलेले आहे. तेथे ती आपला नवरा पांचिक याच्याशेजारी बसली आहे आणि मांडीवर लेकरू आहे. वरच्या कोपऱ्यांत तिची कथा कोरली आहे: एकीकडे ती तथागतांवर चाल करून येते, तर दुसरीकडे शांत होऊन त्यांच्यापुढे नमते. आणि खालच्या पट्टीत काय आहे? शाळा! छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची मुले शिकत आहेत आणि मागच्या मुलांचा खेळ चालला आहे. राक्षसिणीची लेकरे शाळेत बसलेली त्या अनाम कारागिरांनी दाखविली. हे काम वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. या राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेले आजचे वाशीम. आर्णी, दिग्रस, पुसदच्या माणसाने अजिंठ्याला जाऊन हे दालन न पाहताच परत येऊ नये.

सातव्या शतकात चीनहून आलेला भिक्खू इत्सिंग याने लिहून ठेवले आहे, की भारतातील विहारांत भोजनशाळेच्या कोपऱ्यात किंवा ओसरीवर हारितीची प्रतिमा असे. तिच्या कडेवर एक मूल आणि गुडघ्यांशी तीन-पाच मुले असत. तिच्यापुढे रोज अन्न ठेवीत. पुढे ती चीनमार्गे जपानला गेली. तेथे तिला किशिमोजिन म्हणतात. टोकियोच्या झोशिगाया भागातील तिच्या मंदिरात तिच्या नावातले 'राक्षस' हे अक्षर लिहिताना शिंगासारखी दिसणारी वरची रेघ गाळतात. राक्षसपण गेले, म्हणून शिंगही गेले. नेपाळात स्वयंभू स्तूपाजवळ तिचे मंदिर आहे. तेथे देवीच्या साथीत लेकरे वाचावीत म्हणून आया जात. देवीचा रोग मात्र लसीने संपला. तो जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. तेव्हा हारितीपुढे कोणी नारळ फोडावा, असे मला मुळीच सांगायचे नाही. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ते शोभणारही नाही. कथेतले शहाणपण तेवढे घ्यावे.

अशीच एक यक्षिणी पाली साहित्यातही आहे. धम्मपदातील वैर आणि अवैर यांविषयीची प्रसिद्ध गाथा वंदनेच्या निमित्ताने आपल्या कानावर पडते. तिच्या अट्ठकथेत काली यक्षिणीची गोष्ट येते. दोन सवतींचे वैर जन्मोजन्मी चालत येते. कधी ही तिची पिले खाते, तर कधी ती हिची. शेवटी एक बाई आपले तान्हे घेऊन पळत पळत श्रावस्तीच्या जेतवनात शिरते आणि ते तथागतांच्या पायाशी ठेवते. मागून काली येते. तथागत दोघींची समजूत घालतात आणि त्या आईला म्हणतात, तुझे मूल तिच्या हाती दे. ती घाबरत घाबरत देते. काली त्याचा मुका घेते, परत देते आणि रडू लागते. आता मी पोट कसे भरू? मग तीच आई कालीला आपल्या घरी नेते. पुढे ही काली गावाच्या कामाला येते. यंदा पाऊस फार आहे, उंचावर पेरा. यंदा ओढ आहे, खोलगटात पेरा, असे ती सांगते आणि पीक वाचते. कोरडवाहू शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

बंधु-भगिनींनो, या जुन्या कथा आज कशासाठी सांगायच्या? कारण जखीण ठरविण्याचा धंदा अजून बंद पडलेला नाही. एखाद्या घरी लागोपाठ दोन लेकरे दगावतात. त्यांना कावीळ असते, न्यूमोनिया असतो, नाही तर आईच्याच अंगात रक्त नसते. पण भगत तांदूळ टाकतो आणि शेजारच्या बाईकडे बोट दाखवितो. ती बाई बहुधा विधवा असते, नाही तर निपुत्रिक, नाही तर एकटी राहणारी. तिच्या नावाने 'करणी केली' म्हणून हाकाटी होते. ज्या बाईला आधाराची गरज, तिलाच गाव दगड मारते. राजगृहाच्या लोकांनी त्या गवळणीला केले त्यापेक्षा हे वेगळे काय आहे?

आता याविरुद्ध कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरविणे, तिचे जगणे मुश्किल करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. पण कायदा आपल्या पायांनी गावात येत नाही. कोणीतरी उठून पोलीस ठाण्यात जावे लागते.

म्हणून महिला मंडळांना आणि तरुणांना माझी विनंती आहे. मूल आजारी पडले की आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लसी वेळेवर टोचून घ्या. आणि गावात एखाद्या बाईच्या नावाने कुजबुज सुरू झाली, तर त्याच संध्याकाळी तिच्या घरी जा. चार जणींनी तिच्या ओसरीवर बसून चहा घेतला, तरी कुजबुज करणाऱ्यांची जीभ आखडते. विहारात येत्या पौर्णिमेला मुलांना हारितीची गोष्ट सांगा. अजिंठ्यातली ती शाळाही त्यांना जरूर सांगा.

पुढील अंकात आळवक यक्षाची ओळख करून घेऊ. याने तर तथागतांनाच प्रश्न घातले होते.

नमो बुद्धाय, जय भीम!