पाचवे शील मोडणाऱ्याला विहाराबाहेर ठेवून व्यसन सुटत नाही

आपल्या वस्तीतला कोणताही कार्यक्रम त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो. पाचव्या शीलाशी आले की काही जणांचा आवाज बारीक होतो. शेजारचे हसतात, 'हा कसला बौद्ध' असा शेरा मारतात. हळूहळू तो माणूस विहारात येणे सोडतो. दारू मात्र सुटत नाही. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो, म्हणून हा विषय मांडत आहोत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्याबाबत तडजोड नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणे हा बाबासाहेबांचा अपमानच आहे. पण त्याच २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. एक प्रतिज्ञा पाळायला लावण्यासाठी दुसरी मोडायची, हा धम्म नव्हे.

प्रतिज्ञा आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिज्ञा माणसाला व्यसनापासून दूर ठेवते. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि शरीराला दारूची सवय झालेली असते. त्याला शपथ घालून एका दिवसात दारू बंद करायला लावली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही तर जीवही जातो. मग वस्तीत बोलले जाते, 'दारू सोडली म्हणून गेला.' खरे तर तो उपचाराविना गेलेला असतो. म्हणून रोज पिणाऱ्याला आधी दवाखान्यात न्या, शपथ नंतर.

हा उपकार नाही, हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा आणि सन्मानाने वागवले जाण्याचा हक्कही दिला आहे. व्यसन सोडवण्याच्या नावाखाली कोणी मारहाण करत असेल, साखळीने बांधत असेल, तर तो गुन्हा आहे.

बुद्धाने दुःख सांगितले, तसे दुःखाचे कारणही सांगितले. गटारात उतरणारे कित्येक सफाई कामगार सांगतात की शुद्धीत तो वास सोसत नाही. काम जातीने दिले, ते सोसायला दारू लागली आणि 'हे लोक पितातच' हा शिक्काही जातीनेच मारला. बंगल्यातल्या पिण्याला पार्टी म्हणतात आणि वस्तीतल्या पिण्यावरून आपले संस्कार काढले जातात. तोच शिक्का आपल्या माणसावर आपणच मारायचा का?

यावर काही भगिनी रास्त प्रश्न विचारतात: आजार म्हटले की बायकोला मारायला मोकळीक मिळते का? मुळीच नाही. व्यसन हा आजार आहे, मारहाण हा गुन्हा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा दारुड्याला सूट देत नाही. नवऱ्याला सुधारण्याचे ओझे बायकोवर टाकणेही थांबले पाहिजे. आधी तिची आणि लेकरांची सुरक्षितता, मग बाकीचे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना बोलावून, एकमेकांची शुश्रूषा तुम्ही करणार नाही तर कोण करणार, असे विचारले. नाल्याच्या कडेला पडलेल्या आपल्या भावाबद्दल हाच प्रश्न आज आपल्याला आहे.

उत्तर अवघड नाही. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी आणि एक त्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अनॉनिमसची चळवळ एकाच गोष्टीवर उभी आहे: दारू सोडलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याशी बोलतो. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगणमध्येही व्यसनातून बाहेर आलेले लोक नव्यांना आधार देतात. आपल्याकडे वर्षावासाचे तीन महिने आहेतच, सुरुवात तिथून करा. जिल्हा रुग्णालयात सोबत जायला दोन कार्यकर्ते नेमा. व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा. सहा महिन्यांनी कोणी पुन्हा प्यायला, तर त्याचा पंचनामा करू नका. घसरणे हा या आजाराचा भाग आहे. त्याला पुन्हा दवाखान्यात न्या, पुन्हा बैठकीत बसवा.

जो पाचवे शील मोठ्या आवाजात म्हणू शकत नाही, त्यालाच विहाराची सर्वांत जास्त गरज आहे. दार उघडे ठेवा.

नमो बुद्धाय, जय भीम!