गुडघा बदलला, पुढे काय?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सुमारे ५५ हजारांवर आला. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु सांधा स्वस्त झाला म्हणजे चालणे पदरात पडले, असे नव्हे. सांधा शल्यविशारद बसवितो. तो पेलतात मांडीचे स्नायू. दुखण्यापायी वर्षानुवर्षे दुबळे झालेले हे स्नायू शस्त्रक्रियेपूर्वीच व्यायामाने बळकट करणे इष्ट. नंतर बहुधा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रुग्णाला उभे करतात. गुडघा पूर्ण सरळ व्हावा, निदान काटकोनात वाकावा, हे पहिले उद्दिष्ट. मायेपोटी गुडघ्याखाली सतत उशी ठेवणारे नातलग तो आखडण्यासच हातभार लावतात.

भांडवल गुंतवावे आणि देखभालीची तरतूद करू नये, हा अपव्ययच होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने बंधारे बांधले, पण तेवढ्यावर ते थांबले नाही. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त गावाने पाळली, म्हणून पाणी टिकले. गुडघ्यालाही हाच न्याय लागू आहे. मात्र शहरात शस्त्रक्रिया करून खेड्यात परतलेल्या वृद्धेला व्यायाम कोण शिकविणार? एसटीच्या खेपा आणि सोबत्याची बुडालेली मजुरी कोणत्या हिशेबात धरायची? शस्त्रक्रियेच्या मदतीतच पुढील तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च धरला पाहिजे आणि ती सोय ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचली पाहिजे. अन्यथा सांधा नवा आणि खाट जुनीच, अशी गत व्हायची.