गट ऑफिसातला संगणक अडतो तेव्हा



उसाचा भाव, उतारा, तोडणीच्या टोळ्या हे आपले नेहमीचे विषय. आज आम्ही लिहिणार आहोत ते टेबलावरच्या एका खोक्याबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण ज्याची नोंद त्या खोक्यात आहे त्याच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

इनामगावच्या बाजूच्या एका गट ऑफिसातली गोष्ट. गटाचे नाव लिहीत नाही, कारण कोणाला उघडे पाडायचे नाही. ऑक्टोबरात एके सकाळी भाऊसाहेबांनी संगणक चालू केला. दिवा लागला, पंखा फिरला, पडद्यावर बनविणाऱ्या कंपनीचे नाव आले आणि गाडे तिथेच थांबले. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. दहा वेळांत एखाद्या वेळी पुढे जाई, नऊ वेळा अडे. बाहेर ओट्यावर सभासद बसलेले. त्यातले एक वडीलधारे विचारू लागले, "भाऊसाहेब, आमची नोंद हाय ना आत?" भाऊसाहेब काय सांगणार!

तालुक्याहून कारागीर आला. त्याने सगळ्या वायरी उपटल्या, नुसते खोके मोटारसायकलवर घातले आणि दुकानात नेले. दुकानात ते पहिल्याच झटक्याला सुरू झाले. इथे शहाण्या माणसाने थांबून विचार करायला हवा होता, की ऑफिसात अडते आणि दुकानात चालते ते का? पण कारागीर म्हणाला, "एकदा विंडोज नवी मारून टाकतो, म्हणजे कटकट नको." त्याने मारली, आणि डिस्क साफ झाली. नोंदींची शेवटची नक्कल आषाढातली होती. आडसाली लागणी जुलै-ऑगस्टमधल्या, म्हणजे नेमक्या त्याच नोंदी गेल्या. खोके परत आले, वायरी जोडल्या, बटण दाबले आणि पुन्हा कंपनीच्या नावावर अडले!

शेवटी गटातल्याच एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने एकेक वायर काढून पाहिली. अंगठा घेण्याच्या यंत्राची वायर काढली की संगणक सुरू होई, लावली की अडे. त्या वायरीचे टोक वाकले होते, आत पत्रा पत्र्याला लागत होता. दुरुस्तीचा खर्च म्हणाल तर एका वायरीचा. आणि त्यापायी कितीतरी सभासदांच्या लागणीच्या तारखा कागदाच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा लिहाव्या लागल्या. ज्यांच्याकडे चिठ्ठी होती त्यांचे भागले. ज्यांची चिठ्ठी खिशातच धुतली गेली, ते आजही विचारतात की पुढल्या हंगामात आमची तोड कितव्या नंबरला?

ही गोष्ट लांबवून सांगितली, कारण चूक कुठे झाली ते त्यात स्पष्ट दिसते. कंपनीचे नाव पडद्यावर असते तेव्हा विंडोज मुळी जागीच झालेली नसते. त्या घडीला संगणक फक्त आपले अवयव तपासत असतो. मेमरी आहे का, डिस्क आहे का, यूएसबीच्या भोकांत काय काय खोचलेले आहे, असे तो बघतो. तिथे अडला तर दोष बहुतेक अवयवात किंवा जोडलेल्या वस्तूत असतो. विंडोज दहादा मारली तरी वाकडी वायर सरळ होत नाही. विहिरीवरची मोटार पाणी उचलत नाही म्हणून आपण विहीर बुजवतो काय? आधी फेज बघतो, फ्यूज बघतो, फूटव्हॉल्व्ह बघतो. तेवढीच अक्कल इथेही लागते, जास्त नाही.

म्हणून अडलेल्या संगणकाला पहिला प्रश्न विचारायचा, "बाबा, तू कुठवर आलास?" पडदा अगदी काळाच असेल तर आधी पडद्याची वायर आणि वीज बघावी. मग बटण बंद करून, वीज तोडून, मेमरीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. पट्टीच्या सोनेरी कडेला धूळ-काजळी धरते, ती साध्या खोडरबराने हलक्या हाताने जाते. आपल्या भागात उन्हाळ्यात धूळ किती उडते ते सांगायला नको. खोक्यात मुंग्या निघतात, पाली निघतात, पंखा धुळीने गच्च झालेला असतो.

कंपनीच्या नावावर अडला तर कीबोर्ड आणि पडदा सोडून बाकी सगळे सोडवावे. प्रिंटर, पेनड्राइव्ह, अंगठ्याचे यंत्र, सगळेच. सुरू झाला तर एकेक जोडत जावे. चार वायरी एकदम उपटल्या आणि एकदम जोडल्या तर चोर कोण ते कळत नाही.

इथे एका चपट्या सेलबद्दल सांगितलेच पाहिजे. संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर २०३२ या नंबराचा. तो मेला की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि कुठली तरी जुनीपुराणी तारीख धरतो. काही संगणक अशा वेळी सुरुवातीलाच थांबून एफ-१ दाबा म्हणतात. भाऊसाहेब दाबतात आणि काम चालू होते. पण इंटरनेट नसेल तर त्या दिवशीच्या नोंदींवर भलतीच तारीख पडते! जिथे तारखेवर तोडीचा नंबर ठरतो तिथे हा सेल म्हणजे वजनकाट्याइतकाच महत्त्वाचा.

विंडोजचे चिन्ह येऊन ठिपके गोल गोल फिरत राहिले तर मामला वेगळा. अपडेट चालू असेल तर अर्धा-पाऊण तास वाट बघावी, घाईने बटण दाबू नये. तरीही हलला नाही तर सुरू होता होता दोन-तीन वेळा बटण दाबून धरून बंद करावा. विंडोज १० किंवा ११ असेल तर मग दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट करावा आणि ४ चा आकडा दाबावा. यालाच सेफ मोड म्हणतात. म्हणजे बैलगाडीवरचा सगळा बोजा उतरवून नुसती गाडी हाकून बघणे. सेफ मोडमध्ये सुरू झाला तर डिस्क आणि मेमरी बहुधा ठीक आहेत आणि दोष नव्या बसवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा आहे. तो काढावा, पण त्याआधी नोंदींची नक्कल घ्यावी. त्याच निळ्या पडद्यावर 'रिसेट' हाही पर्याय दिसतो. त्याला हात लावू नये. नोंदी पुसल्या जाण्याची ती सोपी वाट आहे.

आणि डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरावा. दर वेळी ती थोडी अधिक मरते. डिस्क काढून जाणत्याकडे द्यावी आणि आतला माल आधी बाहेर काढून घ्यावा.

हे फक्त आपल्याच गरिबाघरी घडते असे कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचा एक सदोष अपडेट जगभर गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर अडले. विमाने अडली, दवाखाने अडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे. पण ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते त्यांना ४८ आकडी किल्ली लागत होती, आणि पुष्कळांची ती किल्ली बंद पडलेल्या संगणकातच होती! आपल्या गटातल्या किती संगणकांना असे कुलूप आहे आणि किल्ली कोणाच्या वहीत आहे, हे आजच विचारून ठेवलेले बरे.

काही सभासदांचे मत पडते की त्यापेक्षा जुनी रजिस्टरेच बरी होती. आम्हाला हे पटत नाही. जुन्या रजिस्टरात दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ कशी बसायची, ते ज्यांनी पाहिले त्यांनी पाहिले. कोणाची तारीख पुढे सरकली, कोणाची मागे, यावरून भावकीत वैर झाले. एकराच्या आत ऊस असणाऱ्याला संगणकाची नोंद हाच आधार आहे. म्हणूनच तो चालता राहिला पाहिजे.

आणि चालता ठेवण्याला पैसे लागतात, हे सहकाराला नवे नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात सुमारे ७० गावांसाठी संगणकाची योजना आली. ऊसतोडीची परवानगी, वजन, खत यांची माहिती गावात मिळू लागली, देशभर तिचे नाव झाले. पुढे २००७ च्या सुमारास तिथल्याच सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली गेली. संगणक सांभाळण्याचा खर्च आणि विजेची अडचण ही त्यामागची कारणे होती. २०२२ साली केंद्र सरकारने ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. खोकी येतील, आलीही. पण यूपीएसची बॅटरी बदलायची कोणी, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचे कोणी? खरेदीच्या वेळी पेढे वाटणारे पुष्कळ असतात. नंतर त्यांचा पत्ता नसतो.

इनामगावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही माणसे एक थर उचलायची, तो लिहायची आणि मगच खालच्या थराला हात लावायची. म्हणून इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली घरे, धान्याची कोठारे, पुराचे पाणी वळवणारा पाट आज आपल्याला माहीत आहे. सगळा ढिगारा एकदम उकरला असता तर हातात खापऱ्या राहिल्या असत्या. आपल्या कारागिराने त्या दिवशी केले ते हेच. तीन हजार वर्षांपूर्वीचे धान्य कुठे ठेवले होते ते आपण सांगू शकतो आणि गेल्या आषाढानंतरची लागण सांगू शकत नाही, हे इनामगावच्या शेजारी शोभत नाही.

कारखान्यात मिल दहा मिनिटे थांबली तरी लॉगबुकात वेळ पडते, कारण पडते, फिटरची सही पडते. गट ऑफिसातला संगणक दोन दिवस बंद राहिला तर कुठेच काही पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की प्रत्येक संगणकाशेजारी तशीच एक वही असावी. किती वाजता अडला, पडद्यावर काय होते, काय काढले, काय जोडले, हे तिच्यात लिहावे. गटाधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि नोंदींची ताजी नक्कल हातात असल्याशिवाय कोणालाही डिस्क साफ करू देऊ नये. नक्कल दर शनिवारी घ्यावी आणि ती त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये. सभासदाला दिलेल्या चिठ्ठीची स्थळप्रत फाडू नये. आणि प्रत्येक गटातून एक मुलगा किंवा मुलगी निवडून कारखान्याच्या खर्चाने आठ दिवस शिकवून घ्यावे. वरची गोष्ट ज्या मुलीने निस्तरली, तिला अजून कोणी चहासुद्धा विचारलेला नाही, ही त्यातली लाजेची बाब.

या मागण्या आम्ही येत्या वार्षिक सभेसाठी लेखी देत आहोत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी आपल्या गटात यावे, आणि येताना लागणीची चिठ्ठी असेल तर घेऊन यावी. आडसालीच्या नोंदी अजून जुळवायच्या राहिल्या आहेत.