तयारी नेमकी कोणाची नव्हती? बिटकॉइनचा ब्लॉक-वाद, २०१५ ते २०१७

(१/७) ‘मोठ्या ब्लॉकसाठी जाळे तयार नव्हते, म्हणून मर्यादा टिकली.’ बिटकॉइनच्या इतिहासात हे विधान आता पाठ्यपुस्तकातल्यासारखे फिरते. ते विजेत्यांचे विधान आहे. तपासल्यावाचून स्वीकारू नये.

(२/७) १ एमबीची मर्यादा सातोशी नाकामोटो याने २०१० मध्ये फारसा गाजावाजा न करता घातली. गरज पडल्यास पुढील एखाद्या ब्लॉकपासून ती वाढवता येईल, हेही त्यानेच त्या ऑक्टोबरात लिहिले. तात्पुरत्या बांधाचे पुढे धर्मशास्त्र झाले.

(३/७) दर दहा मिनिटांस १ एमबी, म्हणजे वर्षाला सुमारे ५२ जीबी. २ एमबी केल्यास १०५. एवढे २०१५ च्या साध्या हार्डडिस्कवर मावत होते. खरी अडचण प्रसाराची: ब्लॉक उशिरा पोहोचला की दूरच्या मायनरचे श्रम वाया जातात, आणि बहुतांश मायनिंग तेव्हा चीनच्या इंटरनेट-भिंतीआड होते. परंतु २०१६ मध्ये ‘कॉम्पॅक्ट ब्लॉक’ आले. नोडकडे आधीच असलेले व्यवहार पुन्हा पाठवणे थांबले आणि या आक्षेपाची धार बरीच बोथटली.

(४/७) दुसरा पक्षही निर्दोष नव्हता. गेविन अँड्रेसन यांचा प्रस्ताव ८ एमबीपासून दर दोन वर्षांनी दुप्पट होत २०३६ मध्ये ८ जीबीवर जाणारा होता. म्हणजे रोज एक टेराबाइटहून अधिक! घरच्या संगणकावर नोड चालवणाऱ्याने हे पेलावे कसे?

(५/७) मात्र ८ जीबीला दिलेले उत्तर २ एमबीलाही चिकटवणे हा निव्वळ वकिली कावा होय. ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झालेल्या सेगविटने ब्लॉक ‘वजना’ने मोजला, त्या मापात तो जवळपास ४ एमबीपर्यंत जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा एक ब्लॉक आलाही. जाळे कोसळले नाही.

(६/७) मे २०१७ च्या न्यूयॉर्क करारातील २ एमबीची योजना नोव्हेंबरात बारगळली, ती अधिकाराच्या प्रश्नावर. पन्नासहून अधिक कंपन्यांनी आपसांत ठरवलेला नियम नोडधारकांनी का मानावा? आक्षेप सबळ होता, आणि काहींनी तो उघडपणे मांडलाही. इतरांनी त्यावर अभियांत्रिकीची शाल का पांघरली?

(७/७) बिटकॉइन कॅशच्या ओस ब्लॉकांचा दाखला येथे हमखास दिला जातो. गिऱ्हाईक आले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. डिसेंबर २०१७ मध्ये मूळ जाळ्यावर गिऱ्हाईक रांगेत उभे होते. सरासरी शुल्क ५० डॉलरपार गेले होते, आणि वीस डॉलर पाठवू पाहणारा त्या रांगेतून मुकाट्याने बाहेर पडत होता.